बारक्याचा गेम आणि दाजींची रमी

बरेच दिवस इकडे फिरकलो नव्हतो. मधे दोघातिघांनी विचारलंही, "काय, दुकान बंद केलंस का काय?" बंद नाही, शटर अर्धं खाली होतं इतकंच. आज वर करतोय, कारण एक विषय डोक्यात खदखदतोय आणि घरात तो बोलायची सोय नाही. गंमत अशी की घरातले निम्मे लोक हेच वाचतात. :) तेव्हा आधीच सांगतो, यातला ताईचा भाग ताईला विचारून लिहिलाय. ती म्हणाली, "लिही. नाव तेवढं घालू नको." नाव घालत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

२०२५ चा मे महिना. रविवार. सगळे आमच्याकडे जेवायला. कोल्हापुरात रविवारी जेवायला म्हटलं की मेनू सांगावा लागत नाही. तांबडा झाला, पांढरा झाला, सुकं झालं, मंडळी तट्ट होऊन लोडाला टेकली. आमचा पुतण्या बारक्या कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून मोबाईलमध्ये. अकरावी नुकतीच संपलेली, बारावीचे क्लास सुरू व्हायचे होते. आणि खेळत होता म्हणाल तर तेही नाही. दुसरा कोणीतरी खेळत होता आणि हा ते बघत होता.

दादा म्हणाला, "खेळत असता तर एकवेळ समजलं असतं. दुसऱ्याचं खेळणं बघत बसलाय. उद्या दुसरा जेवला की ह्येचं पोट भरल."

सगळे हसले. मीही हसलो. नुसता हसून थांबलो असतो तर बरं झालं असतं. मी उठलो, त्याच्या हातातला मोबाईल काढून घेतला आणि कपाटात ठेवून किल्ली खिशात घातली. वर "तुझ्या वयाचे असताना आम्ही..." हे सुप्रसिद्ध भाषणही दिलं. आमचे दाजी मान डोलवून म्हणाले, "बरं केलंसा. ह्या गेमनं पोरं वाया चाललीत बघा."

पंधरा दिवस मोबाईल कपाटात होता.

त्याच आठवड्यात ताई एकटी आली. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलली, आणि मग तिच्या हाताकडं माझं लक्ष गेलं. पाटल्या नव्हत्या. दाजींनी त्या गहाण टाकल्या होत्या. मोबाईलवरच्या रमीत वर्षभरात एक लाख ऐंशी हजार गेले होते. सुरुवातीला पाच-सहा हजार जिंकलेही होते म्हणे, त्यातून ताईला मिक्सर आला होता. त्या मिक्सरची किंमत आता एक लाख ऐंशी हजार.

मी दाजींना भेटलो. काय म्हणालो ठाऊक आहे? "होतं असं दाजी. माणूसच आहे. मनाला लावून घेऊ नका."

सतरा वर्षांच्या पोरानं एक पैसा न घालवता व्हिडिओ बघितले, त्याची भर पंगतीत चेष्टा आणि पंधरा दिवस मोबाईलला कैद. बावन्न वर्षांच्या माणसानं बायकोच्या पाटल्या घालवल्या, त्याला खांद्यावर हात. दोन्ही न्यायनिवाडे मीच केले, एकाच आठवड्यात. तेव्हापासून हा लेख डोक्यात आहे.

आता थोडं आमच्या वयाबद्दल. मी १९८० सालचा. "आम्ही मैदानात खेळायचो" हे खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं आमच्या पिढीतला कोणी पोरांना सांगत नाही, म्हणून मी सांगतो. व्हिडिओ गेमचं पार्लर म्हणजे अंधारी खोली, त्यात चार-पाच मोठी खोकी, आणि एकेका खोक्याभोवती दहा पोरं. 'मुस्तफा' नावाचा गेम आमच्या पिढीतल्या प्रत्येकाला आठवत असेल. त्याचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', कॅपकॉम कंपनीनं १९९३ मध्ये काढलेला, हे मला फार पुढं कळलं. त्यात मुस्तफा नावाचा पिवळ्या टोपीवाला होता, म्हणून देशभर त्याचं नाव मुस्तफा पडलं. एका नाण्याला एक डाव. नाणी कुठून यायची? वडिलांचा शर्ट खुंटीला असायचा. बाकी आपण समजून घ्या.

मग घरोघरी टीव्हीला जोडायचा कॅसेटवाला गेम आला. कॅसेटवर ९९९९ गेम लिहिलेलं असायचं, आत तेच पंधरा-वीस गेम नावं बदलून पुन्हा पुन्हा. कॉन्ट्रा, मारिओ, आणि ते बदक मारायचं. नेम चुकला की झुडपातनं हसणारं कुत्रं अजून माझ्या स्वप्नात येतं. पुढं कॉम्प्युटर क्लासला आम्ही बिल्डिंगा आखायला गेलो नव्हतो, आम्ही 'डेव्ह' आणि 'प्रिन्स ऑफ पर्शिया' खेळायला गेलो होतो. सायबर कॅफेत मिनिटाच्या हिशोबानं पैसे मोजून 'काउंटर स्ट्राईक' खेळलो, रात्री घरी येऊन "प्रोजेक्टचं काम होतं" म्हणून सांगितलं.

आणि लक्षात घ्या, पार्लरमधल्या त्या दहा पोरांतला खेळणारा एक असायचा. फार तर दोन. नऊ जणांच्या खिशात नाणं नसायचं. ते काय करायचे? बघायचे. तासन् तास. पेठेतला एक पोरगा एका नाण्यात मुस्तफा शेवटपर्यंत न्यायचा, तो आला की बाकीचे गेम ओस पडायचे. "दुसऱ्याचं खेळणं बघणं" बारक्याच्या पिढीनं शोधून काढलेलं नाही दादा. तू स्वतः त्या गर्दीत माझ्या मागं उभा असायचास. वाचत असशील तर नाही म्हणून दाखव.

बरं, पार्लर सोडा. आपलं गाव कशावर उभं आहे? खासबाग मैदानावर. शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपात गेले होते, रोमचं ते प्रचंड जुनं रिंगण त्यांनी बघितलं, आणि पुढं कोल्हापुरात कुस्तीसाठी मैदान बांधून घेतलं. त्या मैदानाची करामत कशात आहे? मधला हौदा आणि भोवतीची चढती बैठक अशी की मागच्यातल्या मागच्या माणसाला कुस्ती दिसावी. म्हणजे एका राजानं पैसा खर्च करून *बघायची* सोय केली. हजारो माणसं बघणार, लढणार दोघं. हलगी वाजते, निवेदक डाव समजावून सांगतो, आपण ओरडून ओरडून घसा बसवून घरी येतो. त्या हजारोंपैकी लंगोट किती जणांनी लावलाय? शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबाची मॅच असली की पेठांमधली निम्मी दुकानं बंद. बॉलला पाय लावून वीस वर्षं झालेले काका रेफ्रीला खेळ शिकवत असतात. वर्ल्डकपला चौकाचौकात मेस्सी-रोनाल्डोचे फलक लागतात, त्यांना कोणी विचारत नाही की बाबांनो, दुसऱ्या देशातल्या दुसऱ्या माणसाचं खेळणं तुम्ही का बघताय.

आणि रेडिओ? बाळ ज. पंडितांची मराठी कॉमेंट्री ऐकताना तर बघायलाही काही नसायचं. एक माणूस बोलतोय आणि आपण कानानं क्रिकेट बघतोय. घरातले सगळे त्या खोक्याभोवती. ते सुसंस्कृत, आणि बारक्या वाया गेलेला. का? तर त्याचं खोकं हातात मावतं.

असो. तर पंधरा दिवसांनी मी मोबाईल परत दिला. माफी वगैरे मागितली नाही, आपल्याकडं मोठ्यांनी मागायची पद्धत नाही ना. फक्त विचारलं, "काय बघतोस त्यात येवढं?" तो म्हणाला, "काका, तुम्ही एकदा बसा तरी." बसलो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गेमचं नाव बीजीएमआय. आधी पबजी म्हणायचे, ते २ सप्टेंबर २०२० ला सरकारनं चिनी अ‍ॅपच्या यादीत बंद केलं, २०२१ मध्ये कोरियाच्या क्राफ्टन कंपनीनं नाव बदलून आणलं, २०२२ च्या जुलैत तेही उतरवलं गेलं, २०२३ च्या मे महिन्यात परत आलं. (आमच्या रस्त्यांच्या डांबरीकरणापेक्षा जास्त वेळा चालू-बंद.) शंभर जण विमानातनं एका बेटावर उड्या मारतात. हातात काही नसतं, जे सापडेल ते उचलायचं. सुरक्षित जागेचं वर्तुळ लहान लहान होत जातं, त्यामुळं कोणाला लपून बसता येत नाही. शेवटी जो उरेल तो जिंकला. चौघांचा संघ असतो. मला वाटलं होतं नुसती धडाधड असेल. पण अर्धा वेळ ते बोलत होते. कोण कुठं जाणार, गाडी कुठं ठेवायची, एकजण पडला तर उचलायचा की सोडायचा. पाचव्या मिनिटाला मी विचारत होतो, "अरे पण हा त्या टेकडीवर का जात नाही?" म्हणजे झालोच ना मी शाहू स्टेडियममधला काका!

तेव्हापासून या खेळून दाखवणाऱ्या मंडळींना मी अधूनमधून बघतो. मत बनवायला मला फार वेळ लागत नाही, तेव्हा माझी मतं घ्या. पटली नाहीत तर बारक्याशी भांडा.

नमन माथूर, म्हणजे 'मॉर्टल'. मला सगळ्यात आवडला. शांत. चारी बाजूंनी गोळ्या चालल्यात आणि हा भाजी निवडत असल्यासारखा बोलतो. हरला तर समोरच्याला शिव्या देत नाही. आमच्या ऑफिसातल्या निम्म्या साहेबांना त्याच्याकडं शिकवणीला पाठवायला हवं.

'डायनॅमो', म्हणजे आदित्य सावंत. मुंबईचा, आडनावानं आपला. त्याचं "पट्ट से हेडशॉट" शाळेतल्या पोरांच्या तोंडी होतं तेव्हा मला वाटायचं काहीतरी नवीन शिवी आहे. :) आवाजात दम आहे. पण बाबा, बोलतोस हिंदीत. त्या "पट्ट"मध्ये एवढं मराठी आहे, तर अख्खं वाक्य कधीतरी होऊन जाऊ दे.

'मिथपॅट', म्हणजे मिथिलेश पाटणकर. हा खेळायला कमी आणि गमती करायला जास्त बसतो. मधेच मराठी सुटतं तेव्हा घरातला वाटतो. आमच्या आईनं एक व्हिडिओ बघितला आणि म्हणाली, "पोरगं द्वाड आहे, पण घाण बोलत नाही." यापेक्षा मोठं प्रमाणपत्र मला माहीत नाही.

'टोटल गेमिंग'चा अज्जूभाई. कित्येक वर्षं चेहराच दाखवला नाही. नुसत्या आवाजावर कोट्यवधी लोक. दिवसातनं पंधरा सेल्फी टाकणाऱ्यांनी विचार करावा.

'कॅरीमिनाटी', म्हणजे अजय नागर. गेम खेळतो, पण नाव झालं ते दुसऱ्यांची खरडपट्टी काढण्यावर. २०२० च्या मे महिन्यात त्याचा टिकटॉकवाल्यांवरचा व्हिडिओ यूट्यूबनं उतरवला तेव्हा अख्खा देश भांडत होता. पोरगा हुशार आहे, टायमिंग जबरदस्त आहे. पण शिवी हा विनोदाचा मसाला असेल तर आम्ही कोल्हापूरकर जगातले सर्वात विनोदी लोक ठरू. मला नाही आवडत. बारक्याला फार आवडतो. इथं आमचं एकमत होणार नाही.

पायल धारे. छिंदवाड्याची, म्हणजे आपल्या नागपूरच्या वरची. या धंद्यात मुलीनं माईकवर नुसतं "हॅलो" म्हटलं की समोरून काय काय येतं ते मी चार दिवस वाचलं आणि मान खाली गेली. तरी ती रोज येऊन बसते. पोरांनी तिच्याकडनं खेळ शिकावा, आणि पोरांच्या बापांनी, पोरं तिथं काय लिहितात ते एकदा बघावं.

यातल्या मॉर्टल, मिथपॅट आणि पायल यांच्यासकट सात जणांना २०२४ च्या एप्रिलमध्ये पंतप्रधानांनी बोलावून गप्पा मारल्या होत्या. त्यात तीर्थ मेहताही होता. त्यानं २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये 'हार्थस्टोन' या गेममध्ये ब्राँझ मिळवलं होतं, तेव्हा हा प्रकार प्रात्यक्षिक म्हणून ठेवला होता. पुढं हांगचौच्या एशियाडमध्ये ई-स्पोर्ट्सला रीतसर पदकं होती. म्हणजे दादा, "ह्यात करिअर हाय व्हय?" याचं उत्तर "हाय, पण हजारात एकाचं" असं आहे. कुस्तीतही तेवढंच आहे. म्हणून आपण तालमी बंद केल्या नाहीत.

मोबाईलवर नेम धरणं आणि खरी रायफल धरणं एकच, असंही मी म्हणत नाही. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत यांच्या गावात राहून असलं बोलायची माझी हिंमत नाही. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ घेतलं त्यामागं किती वर्षं आहेत हे आपल्याला माहीत आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की खेळ बघणारं पोर खेळ बघतंय. त्याला दुसरं नाव देऊ नका. ते दुसरं नाव दुसऱ्यांसाठी राखून ठेवा.

आता त्या दुसऱ्यांकडं येतो.

मराठीत दोन वेगळे शब्द आहेत. खेळ आणि जुगार. आपल्या आजोबांना फरक कळायचा. खेळ म्हणजे हरलास तर माती झटकून घरी. जुगार म्हणजे हरलास तर घरी काय सांगायचं हा प्रश्न. आपल्या भागात मटक्याचा आकडा लावणारा माणूस कागदाची चिठ्ठी मुठीत लपवून जायचा. त्याला निदान लाज होती. मग आली मोबाईलवरची रमी आणि क्रिकेटच्या टीम लावायचे अ‍ॅप, आणि सगळ्यांनी मिळून त्यांना 'गेमिंग' म्हणायला सुरुवात केली. त्या एका शब्दात बारक्याही बसला आणि दाजीही. लाज मात्र वाटणी करताना सगळी बारक्याच्या वाट्याला आली.

आणि जाहिराती कोण करत होतं? ड्रीम इलेव्हन २०२० मध्ये आयपीएलची मुख्य प्रायोजक, २०२३ पासून भारतीय संघाच्या छातीवर. पेटीएम फर्स्ट गेम्सच्या जाहिरातीत तर प्रत्यक्ष सचिन. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बच्चू कडूंनी त्याच्या वांद्र्याच्या घरासमोर जाऊन आंदोलन केलं, तेव्हा आमच्या ऑफिसात सगळे बच्चू कडूंनाच हसले. मीही. कारण तेव्हा मी स्वतः मॅचला एकोणपन्नास रुपये लावत होतो. (हे आमच्या हिला इथंच वाचायला मिळतंय. संध्याकाळी बोलू.) जाहिरातीच्या शेवटी कोणीतरी एका श्वासात सांगायचा की यात आर्थिक जोखीम आहे, सवय लागू शकते. एवढ्या वेगात तर आमच्याकडं मंगलाष्टकं पण म्हणत नाहीत.

लगेच कोणीतरी म्हणेल, रमी हा कौशल्याचा खेळ आहे, सुप्रीम कोर्टानं सांगितलंय. सांगितलंय, साठच्या दशकात. दाजींनी पण मला हेच ऐकवलं होतं. पण त्याच निकालात पुढं असंही आहे की पैसे लावून चाललेल्या डावावर जागेचा मालक कमाई करत असेल तर गुन्हा ठरू शकतो. आता सांगा, ही अ‍ॅपवाली मंडळी प्रत्येक डावातनं आपला वाटा काढून घेत होती की समाजसेवा करत होती? आपल्या अंगणात पत्ते कुटणं वेगळं आणि रात्री दोन वाजता चादरीत तोंड घालून अनोळखी पाच जणांशी कुटणं वेगळं. अंगणात निदान कोणीतरी म्हणतं, "बास झालं आता, ऊठ."

२०२५ च्या जुलैमधला तो व्हिडिओ तर सगळ्यांनी बघितला असेल. विधान परिषदेत बसलेले तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे आणि त्यांच्या मोबाईलवर पत्ते. त्यांचं म्हणणं असं की आपण रमी खेळत नव्हतो, आपोआप आलेली जाहिरात घालवत होतो. ठीक आहे, त्यांचं म्हणणं त्यांच्यापाशी. पण पुढं काय झालं? महिनाअखेर कृषिखातं काढून त्यांना क्रीडा खातं दिलं. *क्रीडा!* मी हे वाचलं तेव्हा चहा नाकात गेला. खेळ आणि जुगार यातला फरक आपण किती विसरलोय, याचं यापेक्षा मोठं उदाहरण मला शोधूनही सापडलं नसतं.

त्यानंतर ऑगस्टमध्ये संसदेनं कायदा केला. पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी, चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाखांपर्यंत. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. आणि ई-स्पोर्ट्सला वेगळी मान्यता. म्हणजे मी इथं चार पानं जे ओरडतोय ते कायद्यानं दोन कलमांत सांगितलं. काही कंपन्या कोर्टात गेल्या, ते चालू दे. पण त्याच्या आधी, २०२३ च्या ऑक्टोबरपासून, सरकार या पैशावर २८ टक्के जीएसटी लावत होतं, हेही विसरू नका. ताईच्या पाटल्यांतला एक तुकडा तिजोरीतही गेलाय.

आता बारक्याच्या बाजूनं एवढं बोललो, तर बारक्यालाही दोन शब्द. पोरं काही धुतल्या तांदळासारखी नाहीत. तुझे हे लाडके लोक, सगळे नसतील, पण बरेच, कालपर्यंत बेटिंगच्या जाहिराती करत होते. मॉर्टल खेळतो तसा शांतपणे मी तुला विचारतो, ज्याच्यावर लहान पोरं जीव टाकतात त्यानं त्या पोरांच्या समोर जुगाराचं दुकान लावलं तर त्याला काय म्हणायचं? बॉलिवूडवाल्यांनी केलं, क्रिकेटवाल्यांनी केलं, हे उत्तर होत नाही. शेजाऱ्याच्या घरात घाण आहे म्हणून आपल्या दारात कोणी टाकत नाही.

आणि ती पेटी. क्रेट म्हणता तुम्ही. पैसे देऊन बंद पेटी विकत घ्यायची, उघडल्यावर त्यात काय निघेल ते नशीब. शंभरदा साधी टोपी, एकदा चमकणारी बंदूक. आणि हे लोक व्हिडिओत पेट्यांवर पेट्या उघडून "ओ भाई!" करून किंचाळतात. बेल्जियमनं २०१८ मध्ये हा प्रकार सरळ जुगारात धरला. आपल्याकडं तो 'कपडेखरेदी' आहे. बीजीएमआय आलं तेव्हा कंपनीनं अठरा वर्षांखालच्या पोरांना दिवसाला तीन तास खेळ आणि दिवसाला सात हजारांची खरेदी अशी मर्यादा जाहीर केली होती. दिवसाला सात हजार! कुठल्या पोराला हो?

सात हजारांवरनं आठवलं. खाशाबा जाधवांना १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं होतं. रक्कम सांगतात सात हजार. खाशाबा ब्राँझ घेऊन आले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. या गावानं खेळासाठी घर गहाण टाकलेलं आहे. पाटल्या गहाण पडल्या त्या कशासाठी, तेवढं बघा.

बारक्यानंही दुसऱ्याच एका गेममध्ये वहिनीच्या खात्यातनं तेवीसशे रुपयांच्या पेट्या उघडल्या होत्या. हे त्यानं स्वतः मला सांगितलं, मी मोबाईल परत दिल्यावर. आधी का सांगितलं नाहीस विचारलं, तर म्हणाला, "नुसतं बघत होतो तर तुम्ही कपाटात टाकला. हे सांगितलं असतं तर?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आपण सरसकट सगळ्यालाच शिव्या घालतो, म्हणून पोरं सरसकट सगळंच लपवतात. मग खरोखर वाईट काय चाललंय ते आपल्याला शेवटी कळतं. दाजींचंही तेच झालं. घरात रमी हा शब्द कोणी काढलाच नव्हता, सगळे गेमवर घसरत होते. दाजी पण.

गेमचं व्यसन नसतंच असं कोणी समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेनं त्याला आजारांच्या यादीत घातलंय, २०२२ पासून ती यादी लागू आहे. पण त्यांनी व्याख्याही दिली आहे. खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळ्यापेक्षा तेच महत्त्वाचं होतं, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही, आणि हे साधारण वर्षभर चालू असतं. रविवारी मटण खाऊन तासभर व्हिडिओ बघणं यात बसत नाही. वरची व्याख्या परत एकदा वाचा, आणि मग घरातला कोण आठवतो ते स्वतःशीच बघा. मला पोरं आठवली नाहीत.

तेव्हा माझं म्हणणं थोडक्यात. पोरगं मोबाईल घेऊन बसलं की ओरडायच्या आधी शेजारी बसा. एक डाव बघा. मग तीन प्रश्न विचारा: यात पैसे जातात का? जातात तर काय मिळणार हे आधी कळतं का? आणि हे तू आईसमोर खेळशील का? हेच तीन प्रश्न घरातल्या मोठ्या पुरुषांनाही विचारा. त्यांना आधी विचारा.

दाजी आता बरे आहेत. मोबाईल साधा, बटणांचा घेतलाय. पाटल्या अजून सुटलेल्या नाहीत, दर महिन्याला थोडे थोडे भरणं चालू आहे. ताईनं लेख छापायच्या आधी वाचला आणि एवढंच म्हणाली, "बारक्याला सॉरी म्हणालास का?"

नव्हतो म्हणालो. बारक्या, तू हे वाचतोस हे मला माहीत आहे. तेव्हा इथंच, सगळ्यांच्या समोर, कारण चेष्टाही सगळ्यांच्या समोरच केली होती... चुकलं माझं.

कॅरीमिनाटी मात्र मला अजूनही आवडत नाही. :)